सीएनजी भरताना गाडीतून का उतरायचं, आणि पंपावर जायच्या आधी काय बघायचं

ताई, तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही 2021 सालची कंपनी-फिटेड सीएनजी गाडी जुनी घेतलीत. पहिल्यांदा गॅस भरायला गेलात तेव्हा फिलरने, म्हणजे पंपावर गॅस भरणाऱ्याने, सगळ्यांना खाली उतरवलं, गुडघेदुखीच्या सासूबाईंनासुद्धा. मग टाकीच्या तपासणीची तारीख लिहिलेली प्लेट बघून म्हणाला, तारीख उलटून गेलीय, गॅस मिळणार नाही. लाइनीतल्या एकाने सल्ला दिला, "पलीकडच्या पंपावर जा, तिथे बघत नाहीत." शेजारच्या गाडीचं नोझल काढताना मोठ्ठा फुस्स आवाज आला, त्याने तुम्ही दचकलात. आणि घरी दीर म्हणतात, डिकीत बॉम्ब घेऊन फिरताय. यातलं खरं किती आणि उगाच घाबरवणं किती, असं विचारलंय.

मी पुण्यात गॅस किट बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. हाताखालून नव्या-जुन्या, कंपनीच्या आणि बाहेरून किट बसवलेल्या सगळ्या प्रकारच्या गाड्या जातात. तुमच्या फिलरचं दोन्ही बाबतीत बरोबर होतं. लाइनीतल्या माणसाचं साफ चूक. दीरांचं म्हणणं तुम्ही टाकीकडे बघता की नाही, यावर ठरेल.

लोकांना वाटतं, गाडीतून उतरवतात ते आगीच्या भीतीने. ते कारण आहेच, पण अर्धं. खरं कारण दाब. आपल्याकडे सीएनजी 200 बार दाबाने भरतात. गाडीच्या टायरमध्ये हवा असते 32-33 पीएसआय, टाकी भरल्यावर तिच्यातला 200 बार दाब म्हणजे 2900 पीएसआयच्या घरात. म्हणजे टाकीच्या आतल्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटलचा रेटा, आणि तो सगळ्या बाजूंनी, चोवीस तास. स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमध्ये याच्या आसपासही दाब नसतो, कारण तिथे गॅस पातळ होऊन बसलेला असतो. सीएनजी पातळ होत नाही, तो नुसता दाबून कोंबलेला वायू असतो. म्हणून टाकी इतकी जाड आणि जड असते. रिकामी टाकी एकट्याने डिकीतून काढताना कंबर धरते.

आगीच्या बाजूने बघितलं तर सीएनजी पेट्रोलपेक्षा समजूतदार आहे, असं माझं मत. तो बहुतांश मिथेन, हवेपेक्षा हलका. गळला की वर जातो आणि उघड्यावर पांगतो. पंपाचं छत उंच आणि चारी बाजूंनी मोकळं ठेवतात ते त्यासाठीही. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या मध्ये असेल तरच तो पेटतो. त्याहून कमी किंवा जास्त असेल तर पेटत नाही. आपोआप पेट घ्यायला त्याला सुमारे 540 अंश लागतात, पेट्रोलला त्याच्या निम्म्याच्या आसपास. पेट्रोल सांडलं तर जमिनीवर थारोळं होऊन वाफा देत बसतं, एलपीजी गळला तर जड असल्यामुळे खाली साचतो. सीएनजीचं उलट आहे, म्हणून धोकाही उलट ठिकाणी: बंद बॉनेटखाली, काचा लावलेल्या गाडीत, सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या छताला. उघड्या पंपावर तो धोका कमी असतो.

मग पंपावर उतरायचं कशाला? कारण टाकीची सगळ्यात मोठी परीक्षा त्या तीन-चार मिनिटांत होते. रिकामी टाकी 20-30 बारवरून थेट 200 वर जाते. जलद भरताना आतला वायू दाबला जाऊन तापतो, भरून झाल्यावर टाकीला हात लावला तर कोमट लागते. पाइप, जोड, व्हॉल्व्ह, सगळ्यांवर एकदम ताण येतो. एखाद्या टाकीत आतून गंज धरला असेल, एखादा जोड सैल झाला असेल, तर तो धावत्या गाडीत महिनोन्‌महिने गप्प बसतो आणि भरताना तोंड वर काढतो. बहुतेक गाड्यांत टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे असते, मध्ये फक्त सीटचा फोम आणि पत्रा. चांगल्या टाकीला काहीही होत नाही, रोज लाखो गाड्या भरतात. पण चांगली कोणती आणि वाईट कोणती हे फिलरला बाहेरून दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच उतरवतो. रागवू नका त्याच्यावर.

उतरल्यावर उभं कुठे राहायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. लोक उतरतात आणि डिकीला टेकून गप्पा मारतात. म्हणजे सीटवरून उठून टाकीच्या आणखी जवळ! डिकीच्या मागे उभं राहायचं नाही. भरायचा व्हॉल्व्ह बॉनेटखाली असेल तर तिथे वाकून बघायचं नाही, व्हॉल्व्हच्या तोंडासमोर तर मुळीच नाही. बऱ्याच पंपांवर प्रवाशांसाठी बाजूला जागा आखलेली असते, तिथे जा. नसेल तर गाडीपासून चांगलं आठ-दहा पावलं लांब, मागून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेतून बाजूला. लहान मुलांचा हात धरून. पंपावर गॅसपेक्षा रिव्हर्स येणाऱ्या गाडीने लागण्याची शक्यता जास्त असते.

सासूबाईंचं सांगतो. फिलरशी वाद घालून त्यांना आत बसू द्यायला लावणं हा उपाय नाही, आणि त्यांना दर वेळी उतरवून उन्हात उभं करणं हाही नाही. गॅस भरायला जायचं ते त्यांना न घेता जा. बाहेरगावी निघायचं असेल तर आदल्या रात्री भरून ठेवा. रात्री लाइनही कमी असते. वाटेत भरावाच लागला तर पंपात शिरायच्या आधी त्यांना आणि सोबत एकाला चहाच्या टपरीपाशी, सावलीत सोडा आणि मग लाइनीत लागा. आणि घाईच असेल तर गाडीत पेट्रोल आहेच, तेवढे किलोमीटर पेट्रोलवर काढा. सीएनजी गाडी घेतली म्हणून पेट्रोलला हात लावायचा नाही असा निश्चय बरेच जण करतात, तो चुकीचा आहे. पेट्रोलची टाकी नेहमी थोडी तरी भरलेली हवी आणि ते अधूनमधून वापरलं जायला हवं.

आता भरण्याकडे बारकाईने बघू, म्हणजे आवाजाचं कोडंही सुटेल.

हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद, इग्निशन पूर्ण बंद, टेप-दिवे बंद, किल्ली काढून हातात. नव्या गाड्यांपैकी काहींमध्ये झाकण उघडं असेल तर इंजिन सुरूच होत नाही असा मायक्रोस्विच असतो. फार चांगली सोय, पण त्याच्या भरवशावर किल्ली आत ठेवू नका. फिलर येतो, व्हॉल्व्हच्या तोंडातला रबरी किंवा प्लास्टिकचा बूच ओढून काढतो, नोझलची दांडी आत बसवतो, नोझलवरची मूठ फिरवतो आणि मग मशीन चालू करतो. गॅस जाताना सुरुवातीला सू-सू असा भरदार आवाज येतो, टाकी भरत येईल तसा तो बारीक होतो. हा आवाज पाइपच्या आतला.

पाइपच्या आतला आणि जोडाच्या बाहेरचा आवाज यातला फरक एकदा कानाला कळला की विसरत नाही. बाहेरची गळती ही तीक्ष्ण, शिट्टीसारखी आणि एका जागेवरून येते. नोझलच्या दांडीवर एक बारीक रबरी ओ-रिंग असते. दिवसभर शेकडो गाड्यांत घुसून निघून ती कापली जाते, आणि मग दांडी कितीही नीट बसवली तरी बाजूने गॅस फुसफुसत राहतो. तसंच व्हॉल्व्हच्या तोंडात वाळूचा कण असेल तर चांगली रिंगही चिरते. गळतीच्या जागी पांढरं दव किंवा बर्फाचा थर जमलेला दिसतो, कारण 200 बारवरून एकदम मोकळा होणारा गॅस गार पडतो. असं दिसलं किंवा ऐकलं तर लांबूनच "भाऊ, बंद कर, लीक आहे" एवढं म्हणा. हाताने नोझल दाबून धरायला जाऊ नका. तो गारवा आणि तो दाब, दोन्हींनी कातडीला इजा होते. बहुतेक वेळा फिलर रिंग बदलतो आणि दोन मिनिटांत काम सुरू होतं. चांगल्या पंपावर त्याच्या खिशात रिंगा असतातच.

ज्याने तुम्ही दचकलात तो फुस्स याहून वेगळा. भरून झाल्यावर नोझल आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये थोडासा गॅस दाबाखाली अडकलेला असतो. तो सोडल्याशिवाय दांडी बाहेर काढता येत नाही. फिलर मूठ उलटी फिरवतो, अडकलेला गॅस फुस्सकन सुटतो, वासही येतो, आणि नोझल निघतं. एकदाच, क्षणभर. हे अगदी नेहमीचं. पण नोझल निघाल्यावरही तुमच्या गाडीच्या व्हॉल्व्हमधून बारीक सू आवाज चालूच राहिला, किंवा लावलेला बूच आपोआप बाहेर उडाला, तर तिथला एकतर्फी व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये असं समजायचं. तशी गाडी सुरू करून न्यायची नाही. काही किटमध्ये भरायच्या व्हॉल्व्हवरच बंद करायची छोटी खिट्टी असते, ती बंद केली की सुटता येतं. नसेल तर टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गाडी ढकलून बाजूला घ्यायची आणि मेकॅनिकला बोलवायचं.

त्या बुचाची किंमत चहाच्या कपाइतकी, पण तो हरवलेल्या गाड्या माझ्याकडे सारख्या येतात. फिलर काढून बॅटरीवर ठेवतो आणि तिथेच विसरतो. बूच नसला की तोंडात धूळ जाते, धुळीने रिंग कापते, रिंगेने गळती होते. गाडीत बसायच्या आधी बूच लागलाय का, एवढं स्वतः बघा.

मोबाइलबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. फोनच्या ठिणगीने पंप पेटेल ही शक्यता फार लांबची आहे. पण फोन काही ज्वालाग्राही वायूच्या जागेसाठी तपासलेलं उपकरण नाही, त्यामुळे नियम आहे तो पाळायचाच. मला फोनची भीती वेगळ्या कारणाने वाटते: फोनवर बोलणारा माणूस नोझल लागलेलं असताना गाडी हलवतो. अशा वेळी पाइप तुटू नये म्हणून होजमध्ये एक जोड मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, ओढ बसली की तो सुटतो आणि दोन्ही बाजू आपोआप बंद होतात. तरी तुमच्या गाडीकडचा पाइप किंवा व्हॉल्व्ह वाकतोच, आणि वाकलेल्या हाय-प्रेशर पाइपला मी कधी सरळ करून देत नाही, बदलूनच देतो. पैसे देऊन होऊ द्या, फिलरने बॉनेट किंवा झाकण लावून हाताने खूण केली की मगच किल्ली लावा.

जास्त गॅस भरून घेण्याचा मोह हा पुरुष ड्रायव्हरांचा आजार आहे, तुम्ही त्यात पडणार नाही अशी आशा. 60 लिटर पाण्याची क्षमता असलेल्या टाकीत व्यवहारात आठ-नऊ किलो गॅस बसतो. उन्हाळ्यात दुपारी कमी, थंडीत पहाटे थोडा जास्त. कारण मशीन दाब बघून थांबतं आणि तापलेला वायू कमी वजनातच 200 चा दाब दाखवतो. घरी जाऊन टाकी गार झाली की काटा खाली आलेला दिसतो आणि लोक म्हणतात पंपवाल्याने फसवलं, किंवा गाडी लीक आहे. दोन्ही नसतं. आणि जिथे गॅसची लाइन पोचलेली नाही, ट्रकवरच्या सिलिंडरांमधून गॅस येतो, तिथे तो साठा कमी होत गेला की तुमची टाकी दीडशेवरच थांबते. याला आपण "प्रेशर नाही" म्हणतो. यात वेळ जातो, धोका काही नाही. धोका आहे तो फिलरला गळ घालून 200 च्या वर भरून घेण्यात. गाडी हलवून-झुलवून जास्त गॅस बसतो ही समजूत तर मला आजवर कळलेली नाही. तो काही पायलीतला तांदूळ नव्हे.

आता तुमच्या प्लेटकडे येतो, कारण या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो आहे. पंपावर तुम्ही कितीही काळजी घेतलीत तरी टाकीच खराब असेल तर काळजी घेऊन काय उपयोग?

गॅस सिलिंडर नियम 2016 प्रमाणे गाडीतल्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. हे नियम बघणारं सरकारी खातं म्हणजे पेसो, पूर्वीचं स्फोटक खातं. त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. भरायच्या व्हॉल्व्हजवळ किंवा झाकणाच्या आत जी लहानशी प्लेट असते तिच्यावर टाकीची माहिती आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. तुमची गाडी 2021 ची, म्हणजे पहिली तपासणी 2024 मध्येच व्हायला हवी होती. आधीच्या मालकाने ती टाळली आणि गाडी विकली. हे फार होतं. जुनी सीएनजी गाडी घेताना लोक टायर बघतात, इन्शुरन्स बघतात, प्लेट कोणीच बघत नाही.

या तपासणीला सगळे हायड्रो टेस्ट म्हणतात. नेमकं काय करतात ते सांगतो, कारण "नुसता कागद मिळतो" असा गैरसमज आहे. टाकी गाडीतून काढतात, व्हॉल्व्ह उतरवतात. बाहेरून गंज, खड्डे, घासल्याच्या खुणा बघतात, आत दिवा सोडून आतला पृष्ठभाग बघतात, वजन करतात. गंजाने पोलाद खाल्लं असेल तर वजन घटलेलं दिसतं. मग टाकी पाण्याने गच्च भरून पाण्याच्याच एका मोठ्या भांड्यात बसवतात आणि आत पंपाने दाब चढवतात, नेहमीच्या दाबाच्या दीडपट किंवा अधिक. पोलाद केसभर फुगतं आणि बाहेरच्या भांड्यातलं पाणी तेवढंच सरकतं, ते मोजतात. दाब सोडल्यावर टाकी मूळ आकाराला परत यायला हवी. किती परत आली नाही, यावरून पोलादात जीव आहे की नाही ते कळतं. हवेऐवजी पाणी का? पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे टाकी फुटलीच तरी स्फोट होत नाही, पाणी वाहून जातं. नापास झालेली टाकी निकामी करून टाकतात, ती दुरुस्त होत नाही. वेल्डिंग करून दिली असं कोणी म्हणाला तर तिथून निघा.

तपासणी पेसोची मान्यता असलेल्या केंद्रातच करायची. जायच्या आधी गॅस चालवून संपवा. भरलेली टाकी घेऊन गेलात तर तो गॅस सोडावा लागतो, तुमचे पैसे हवेत. संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी टाकी परत मिळते. परत बसवण्याआधी ती आतून कोरडी केलीय ना, हे विचारा. आत पाणी राहिलं तर तिथूनच गंज सुरू होतो. प्रमाणपत्रावरचा टाकीचा नंबर आणि टाकीच्या खांद्यावर, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या गोलाईवर ठोकलेला नंबर स्वतः ताडून बघा. तिथे रंगाखाली अक्षरं दबलेली असतात. अंगठा फिरवला की लागतात, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडला की वाचता येतात. त्याचा फोटो काढून ठेवा. दोन्ही नंबर जुळले तरच कागद तुमच्या टाकीचा.

कारण दुसराही धंदा चालतो. टाकी जागची न हलवता नवी प्लेट ठोकून देतात. स्वस्तात, अर्ध्या तासात. पंपावरचा फिलर फसतो, पण टाकी फसत नाही. लाइनीतल्या माणसाने "तिथे बघत नाहीत" म्हणून जो पंप सुचवला, तिथेही तुमच्या पाठीशी तीच न तपासलेली टाकी असेल. उलट जिथे प्लेट बघत नाहीत तिथे तुमच्या पुढच्या-मागच्या गाड्यांच्या टाक्याही न तपासलेल्याच असणार, हे लक्षात घ्या. मी तर प्लेट न बघणाऱ्या पंपावर स्वतःची गाडीही लावत नाही.

याहून भयंकर प्रकार म्हणजे भलत्याच कामाच्या सिलिंडरला रंग मारून त्याची सीएनजी टाकी करणं. बाहेरून स्वस्त किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत हे सापडतं. तुमची कंपनी-फिटेड आहे, त्यामुळे शक्यता कमी. तरीही आधीच्या मालकाने टाकी बदललेली नाही ना, हे प्लेट आणि टाकीवरचे नंबर ताडून बघितलेलं बरं. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजीची नोंद हवी, इन्शुरन्सच्या कागदावरही.

दोन तपासण्यांच्या मधली तीन वर्षं टाकी तुमच्याच ताब्यात असते. डिकीत ओली छत्री, मासळीची पिशवी, पाणी ठिबकणारी भाजी टाकू नका. टाकी ज्या पट्ट्यांनी धरलेली असते त्यांच्याखाली ओल साचते आणि गंज तिथेच, न दिसणाऱ्या जागी लागतो. मुंबई-कोकणात खाऱ्या हवेने हे लवकर होतं. टाकीच्या व्हॉल्व्हभोवती बऱ्याच गाड्यांत जाड प्लास्टिकची हवाबंद पिशवी किंवा डबा असतो आणि त्यातून दोन नळ्या गाडीखाली निघतात. व्हॉल्व्हपाशी गळती झालीच तर गॅस गाडीत न येता बाहेर जावा म्हणून. सामान कोंबताना ती पिशवी फाटते, चिखलाने नळीचं तोंड बुजतं. सर्व्हिसिंगला मेकॅनिकला ते दाखवायला सांगा. बॉनेटमध्ये उंदीर. पावसाळ्यात ऊब शोधत येतात आणि रिड्यूसरपासून, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागापासून, इंजिनकडे जाणारा रबरी पाइप कुरतडतात. गाडी काही दिवस उभी होती आणि सुरू केल्यावर वास आला, तर आधी तिथेच बघतो मी.

मागून गाडीला ठोकर बसली, अगदी बंपर चेपण्याइतकीही, तर पुन्हा गॅस भरायच्या आधी टाकी, पट्टे आणि पाइप तपासून घ्यायचे. आणि डेंटिंग-पेंटिंगला गाडी देताना त्यांना सीएनजी आहे हे तोंडाने सांगा. रंग वाळवायच्या भट्टीत गाडी घालतात, ती चांगली तापते. टाकी काढून किंवा रिकामी करूनच आत घालायला हवी. टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये उष्णतेने वितळून गॅस सोडणारी सुरक्षा असते, पण ती खऱ्या आगीसाठी, रंगाच्या भट्टीत टाकी विसरण्यासाठी नाही. टाकीजवळ वेल्डिंग तर नाहीच.

वास आला तर काय करायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. सीएनजीला मुळात वास नसतो, मुद्दाम उग्र गंधकी वास मिसळलेला असतो, म्हणून अगदी थोडी गळतीही नाकाला कळते. चालत्या गाडीत आला तर काचा खाली, रस्त्याच्या कडेला मोकळ्यावर थांबा, इग्निशन बंद, सगळे बाहेर, दारं उघडी. लांब उभं राहून दोन-चार मिनिटं जाऊ द्या. मग टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करता आला तर करा. तो कुठे आहे आणि कसा फिरतो हे आजच, गाडी अंगणात उभी असताना बघून घ्या. अंधारात, घाबरलेल्या हाताने तो सापडत नाही. वास जाईपर्यंत गाडी पुन्हा सुरू करायची नाही, "पेट्रोलवर टाकून नेतो" हेही नाही. बंद पार्किंगमध्ये वास आला तर दिवा-पंख्याचं बटण दाबू नका, चालू असेल ते चालू आणि बंद असेल ते बंद राहू द्या, शटर-दारं उघडा. ज्वाळा दिसली तर टाकीपाशी जायचं नाही, लांब जाऊन 112 किंवा 101 ला फोन करायचा आणि गाडी सीएनजीवरची आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं. पंपावर असाल तर ओरडून फिलरला सांगा; सगळा पुरवठा एकदम बंद करणारं लाल बटण तिथे असतं.

तेव्हा तुम्ही आता असं करा. प्लेटची तारीख गेलीय, तेव्हा तपासणी होईपर्यंत गॅस भरू नका. टाकीत उरलेला गॅस आहे तो वापरून संपवा, मग गाडी पेट्रोलवर चालवा. जवळचं मान्यताप्राप्त केंद्र शोधून तारीख घ्या. टाकी परत बसवली की तिथेच थोडा गॅस भरल्यावर टाकीच्या व्हॉल्व्हवर, जोडांवर आणि भरायच्या तोंडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते तुमच्यासमोर बघायला सांगा, काडी पेटवून बघणारा मेकॅनिक असेल तर किल्ली परत घ्या. भरायचा व्हॉल्व्ह आणि बूच त्याच वेळी तपासून घ्या. नवी प्लेट लागली की तिचा आणि प्रमाणपत्राचा फोटो फोनमध्ये, मूळ कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात, आणि तीन वर्षांनंतरच्या तारखेच्या महिनाभर आधीची आठवण फोनवर लावून ठेवा, कारण मुदतीच्या आठवड्यात केंद्रावर गर्दी असते.